बँकशाखेचा संकेतांक आणि शिक्षकाची दक्षता
(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत केलेले भाषण)



आजचा विषय ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात आले असेल की, बँकेचे काम बँकेने पाहावे. अध्यापकाचा त्याच्याशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. पण विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची यादी आपणच भरतो आणि शाळेच्या खरेदीची देयकेही आपल्याच हातून जातात. म्हणून हा विषय आपल्या दाराशी आला आहे.

मागे एका शाळेत गेलो असता सहावीतील एका मुलीचे वडील मुख्याध्यापकांपुढे उभे होते. इतर मुलींची शिष्यवृत्ती जमा झाली होती, त्यांच्या मुलीची नव्हती. दोन दिवसांची मजुरी बुडवून ते बँकेत जाऊन आले होते. कागद काढून पाहिले, तेव्हा शाळेने पाठविलेल्या यादीत संकेतांकातील शून्याच्या जागी ‘ओ’ हे इंग्रजी अक्षर लिहिलेले आढळले. ती नोंद नामंजूर होऊन परत आली होती. पण तो कागद कपाटातच राहिला होता. चूक एका चिन्हाची, भुर्दंड मात्र एका शेतमजुराला!

ह्या संकेतांकाला आय.एफ.एस.सी., म्हणजे भारतीय वित्तीय प्रणाली संकेतांक म्हणतात. त्यात ११ चिन्हे असतात. पहिली ४ अक्षरे बँकेची, पाचव्या स्थानी शून्य, आणि शेवटची ६ चिन्हे शाखेची. स्टेट बँकेच्या मुंबई मुख्य शाखेचा संकेतांक पाहा: एस, बी, आय, एन ही ४ अक्षरे, मग शून्य, मग ०००३००. १९७२ साली सुरू झालेला पिनकोड जसे टपाल कार्यालय दाखवितो, तसा हा संकेतांक बँकेची शाखा दाखवितो. आपण मुलांना स्थानिक किंमत शिकवितो. येथेही चिन्हाचा अर्थ स्थानावरून ठरतो. पाचव्या स्थानी शून्यच हवे, ‘ओ’ कदापि नव्हे. मात्र काही बँकांच्या शेवटच्या सहा चिन्हांत अक्षरेही असतात, तेथे ‘ओ’ खरोखरच असू शकतो. म्हणून तर्काने न लिहिता पासबुकावरून पाहूनच लिहावे.

पासबुकावर किंवा धनादेशावर ९ अंकांचा आणखी एक संकेतांक आढळतो. तो एम.आय.सी.आर. होय. त्यात शहर, बँक व शाखा ह्यांचे तीन-तीन अंक असतात आणि तो धनादेशांच्या वटणावळीसाठी आहे. तो ह्या रकान्यात लिहू नये.

जुन्या पासबुकांविषयी विशेष सावध राहावे. १ एप्रिल २०१९ रोजी देना बँक व विजया बँक ह्यांचे बँक ऑफ बडोदामध्ये विलीनीकरण झाले आणि २०२१ मध्ये त्यांचे जुने संकेतांक बंद पडले. १ मे २०२५ रोजी विदर्भ कोकण ग्रामीण बँक व महाराष्ट्र ग्रामीण बँक एकत्र आल्या. जेथे बँक बदलली, तेथे संकेतांक शाखेतून पुन्हा विचारून घ्यावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. एन.ई.एफ.टी. ही व्यवस्था नोव्हेंबर २००५ मध्ये सुरू झाली आणि डिसेंबर २०१९ पासून ती रात्रंदिवस चालते. ह्या व्यवस्थेत रक्कम खाते क्रमांकावरून जमा होते, नावावरून नव्हे. संकेतांक चुकला तर व्यवहार बहुधा अडतो किंवा रक्कम परत येते. पण खाते क्रमांकातील एक अंक चुकला आणि तो क्रमांक दुसऱ्या कोणाचा निघाला, तर पैसे परक्याच्या घरी जातात. १ एप्रिल २०२५ पासून पैसे पाठविण्यापूर्वी खातेदाराचे नाव पडताळण्याची सोय बँकांनी द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश आहे. शाळेच्या खात्यातून देयक देताना तिचा उपयोग अवश्य करावा. जेथे रक्कम आधार क्रमांकाच्या आधारे जमा होते, तेथे शाखेचा संकेतांक लागत नाही. तेथे मुलाचे कोणते खाते आधारशी जोडलेले आहे, हे पाहावे लागते.

कार्यपद्धती साधी ठेवावी. एकाने पासबुकातून एकेक चिन्ह मोठ्याने वाचावे, दुसऱ्याने यादीवर बोट ठेवून ताडून पाहावे. पालकांकडून पासबुकाच्या पहिल्या पानाची स्पष्ट प्रत घ्यावी. मोबाइलवर येणारा गुप्त क्रमांक मात्र कधीही मागू नये. आणि नामंजूर नोंदींची यादी आली, की ती त्याच दिवशी उघडावी.

हजेरी घेताना आपण एकाही मुलाचे नाव गाळत नाही. ही यादीही मुलांची हजेरीच आहे. ती त्याच काळजीने भरावी, एवढीच आपणांस विनंती करून मी माझे भाषण संपवितो.