बर्फाखालचा अग्नी

आपला सह्याद्री अग्नीतून जन्मला. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून पातळ लाव्हारस वर येऊन दूरवर पसरला. थरावर थर साचले. म्हणूनच आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात, आणि त्याच दगडाची झीज होऊन आपली काळी माती झाली. तो अग्नी केव्हाच निवाला. आज मात्र मी गोष्ट सांगणार आहे ती न निवालेल्या डोंगराची.

दक्षिण अमेरिकेत कोलंबिया नावाचा देश आहे. तिथल्या अँडीज पर्वतात नेवादो देल रुईस हा ज्वालामुखी उभा आहे. उंची सुमारे ५,३०० मीटर. आपली कळसूबाई तीनदा एकावर एक रचली, तरी त्याच्या माथ्याला पोचायची नाही! देश विषुववृत्ताजवळचा, पण माथ्यावर बारमाही बर्फ. ‘नेवादो’ म्हणजेच हिमाच्छादित.

हा डोंगर झाला कसा? पॅसिफिक महासागराचा तळ खंडाखाली दरवर्षी काही सेंटिमीटर सरकत असतो. खोल गेलेल्या त्या खडकातले पाणी बाहेर पडते आणि त्यामुळे वरचा तप्त खडक वितळू लागतो. हा शिलारस आपल्याकडच्यासारखा पातळ नव्हे, दाट आणि चिकट असतो. त्यात वायू कोंडतात. घट्ट झाकणाच्या भांड्यात वाफ कोंडावी, तशी गत होते. मग स्फोट होतो. एकदा राखेचा थर, एकदा लाव्हाचा थर, असे हजारो वर्षे साचत शंकूसारखा उंच डोंगर तयार होतो. त्याला स्तरज्वालामुखी म्हणतात. इथली राख चुलीतली नव्हे बरं का! तो दगडाचा, काचेसारखा बारीक भुगा असतो. तो कुजून माती सकस होते. म्हणून रुईसच्या उतारावर कॉफीचे मळे आहेत, आणि पायथ्याच्या आर्मेरो गावाभोवती कापूस आणि भात उत्तम पिकत असे.

पण डोंगर देतो, तसा मागतोही. १५९५ साली त्याचा स्फोट झाला आणि नद्यांतून चिखल लोटला. १८४५ साली पुन्हा चिखलाचा लोंढा आला. सुमारे हजार माणसे दगावली. पुढे आर्मेरो गाव वसले, ते त्याच वाळलेल्या चिखलावर.

१९८४ च्या अखेरीस डोंगर पुन्हा कुरकुरू लागला. शास्त्रज्ञांनी धोक्याचा नकाशा केला. तो ऑक्टोबर १९८५ मध्ये तयार झाला. चिखलाच्या वाटेवर आर्मेरो स्पष्ट दाखवले होते. पण गाव हलवायचे म्हणजे खर्च, आणि काही घडलेच नाही तर लोक हसतील! निर्णय लांबत गेला.

१३ नोव्हेंबर १९८५. दुपारी गावावर राख पडू लागली. रेडिओवरून आणि चर्चच्या ध्वनिक्षेपकावरून सांगण्यात आले, ‘शांत राहा.’ श्रोतेहो, हे सांगताना रेडिओवर बोलणाऱ्याची मान खाली जाते. रात्री नऊच्या सुमारास स्फोट झाला. तो फार मोठा नव्हता. पण तापलेल्या राखेने माथ्यावरचे बर्फ वितळवले. ते पाणी दगडमाती उचलीत लागुनिया नदीच्या दरीतून धावले. अशा लोंढ्याला ‘लाहार’ म्हणतात. हा शब्द जावा बेटातला. ७० किलोमीटरहून अधिक वाट तुडवून तो सुमारे अडीच तासांनी आर्मेरोला पोचला. गाव झोपेत होते. उंचवटे फार दूर नव्हते. चालत गेले असते तरी जीव वाचले असते. त्या रात्री एकूण सुमारे २३ हजार माणसे गेली. त्यांतली बहुतेक आर्मेरोची. लोंढा बहुतांशी नकाशातल्या वाटेनेच आला होता.

आर्मेरो पुन्हा वसले नाही. पण धडा वाया गेला नाही. एप्रिल २००७ मध्ये त्याच देशातल्या हुइला ज्वालामुखीवरून असाच चिखल उतरला. या वेळी इशारा वेळेवर पोचला, लोक उंचावर गेले आणि सारे वाचले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, आपल्या सह्याद्रीत जागृत ज्वालामुखी नाही. पण नदी आहे, ओढा आहे, डोंगराचा कडा आहे. मुलांना घेऊन गावातल्या जाणत्या माणसांकडे जा. विचारा, ‘आजोबा, मोठ्या पुराचे पाणी कुठवर आले होते? दरड कुठे कोसळली होती?’ ती खूण गावाच्या नकाशावर काढून शाळेच्या भिंतीवर लावा. आणि उंचावर जायची वाट पावसाळ्यापूर्वी एकदा सर्वांनी चालून पाहा. आर्मेरोला नकाशा होता, वेळही होता. उणीव एवढीच, की ‘आता उठा’ असे वेळेवर कुणी सांगितले नाही.