पाकीट गेलं, पैसे आले. मजुरी निघाली का?



आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका गावातल्या बाया. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी करतो आणि मोबाईलवरून विकतो. पुण्यात, मुंबईत नोकरीला गेलेली आपल्याकडची माणसं हीच आमची मोठी गिऱ्हाईकं. तिकडे सगळं मिळतं, पण शाळूची कडक भाकरी आणि कुटलेली चटणी गावाकडूनच मागवावी लागते. कडक भाकरी नीट ठेवली तर बरेच दिवस टिकते, म्हणून ती लांब पाठवता येते. आता पुष्कळ गट या धंद्यात उतरलेत. फोटो टाकतात, ऑर्डर येतात, पाकिटं जातात. तरी महिन्याच्या बैठकीत हाच प्रश्न निघतो की एवढं राबून हातात राहिलं काय? आज आपण त्याचाच हिशेब मांडू. वही-पेन्सिल असेल तर जवळ घ्या.

दहा भाकरींचं एक पाकीट धरू. आकडे समजायला सोपे घेतलेत, तुमच्या गावचे भाव तुम्ही घाला. जोंधळा आणि दळण ३५ रुपये, गॅस १५ रुपये, पिशवी, लेबल आणि खोका ३० रुपये. खर्च झाला ८०. पाकीट विकलं १६० ला. राहिले ८०. इथवर सगळ्यांनाच बरं वाटतं.

आता हेच पाकीट एखाद्या मोठ्या ऑनलाइन दुकानावर विकलं. त्यांनी कमिशन आणि बाकीची शुल्कं मिळून पंचवीस टक्के कापले असं समजा. १६० चे पंचवीस टक्के म्हणजे ४० रुपये. राहिले ४०. एक बाई दिवसभर बसून थापून, भाजून, कडक करून पन्नास भाकरी करते असं धरू. म्हणजे पाच पाकिटं. पाच गुणिले ४०, दिवसाचे झाले २०० रुपये. तीच बाई खुरपायला गेली आणि रोज ३०० मिळाला, तर? म्हणजे चुलीपुढं बसून ती दिवसाला शंभर रुपये गमावते. गटाच्या वहीत मात्र नफा लिहिलेला असतो, कारण तिची मजुरी खर्चात धरलेलीच नसते.

मैत्रिणींनो, सगळं इथंच अडतं. घरातलं काम फुकट करायची आपल्याला सवय, म्हणून धंद्यातलं कामही आपण फुकटच धरतो. पण ज्या बाईला मजुरी मिळत नाही, ती चार महिन्यांनी गटात येईनाशी होते. तिची परिस्थिती बेताची असेल तर सगळ्यात आधी तीच जाते. मग कर्जाचा हप्ता उरलेल्यांच्या डोक्यावर बसतो. म्हणून आमच्या गटात नियम आहे की मजुरी आधी आणि नफा नंतर. थापणारी, कुटणारी, पाकिटं भरणारी आणि मोबाईलवर ऑर्डर घेणारी, सगळ्यांचे तास हजेरीच्या वहीत चढतात. मोबाईलवर बोलणं हे बसल्याजागेचं काम असलं तरी ते कामच आहे.

आता भाव कसा लावायचा ते पाहू. खर्च ८०, एका पाकिटामागं मजुरी ६०, नफा २०. म्हणजे आपल्या हातात १६० यायलाच हवेत. गिऱ्हाइकानं थेट आपल्याकडून घेतलं आणि पाठवणीचा खर्च वेगळा दिला, तर १६० हा भाव बरोबर आहे. ऑनलाइन दुकानावर मात्र तो चालणार नाही. तिथं बऱ्याच जणी १६० वर पंचवीस टक्के चढवून २०० करतात. पण दुकान पंचवीस टक्के कापतं ते २०० वर. ५० गेले, राहिले १५०. दहा रुपये कमीच पडले. त्याचा हिशेब उलटा असतो. शंभरातले पंचाहत्तर आपल्याला मिळतात, म्हणून १६० ला ७५ ने भागायचं आणि १०० ने गुणायचं. येतात २१३ रुपये. म्हणजे तिथं भाव २१५ हवा. त्या भावाला पाकीट खपत नसेल, तर ते तिथं विकू नका. जास्त विकलं की तोटा भरून निघेल हे खरं नाही. एका पाकिटात तोटा असेल तर शंभर पाकिटांत शंभरपट तोटा.

दुसरी गोष्ट पाठवणीची. कुरिअरवाले नुसतं वजन बघत नाहीत, खोका जागा किती अडवतो तेही बघतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये मोजायची, तिन्हींचा गुणाकार करायचा आणि बहुतेक ठिकाणी त्याला ५००० ने भागतात. येईल ते किलोतलं वजन. काट्यावरचं वजन आणि हे वजन यांतलं जे जास्त, त्याचे पैसे लागतात. आपली भाकरी हलकी, पण पसरट. पंचवीस लांब, पंचवीस रुंद आणि दहा उंच असा खोका घेतला तर गुणाकार ६२५०, भागिले ५०००, म्हणजे सव्वा किलो. आत दहा भाकरी, खोक्यासकट सहाशे ग्रॅम धरा. म्हणजे साडेसहाशे ग्रॅम हवेचे पैसे आपण भरतोय.

ती हवा कुठं आहे? भाकरी गोल आणि खोका चौकोनी, म्हणून चार कोपरे रिकामे राहतात. त्या कोपऱ्यांत शेंगाच्या चटणीच्या सव्वाशे ग्रॅमच्या चार पुड्या उभ्या बसवायच्या. वजन अकराशे ग्रॅमच्या आसपास जातं, पण सव्वा किलोच्या आतच राहतं. पाठवणीचा एक पैसा वाढत नाही. चटणीच्या पुडीमागं मजुरी जाऊन १५ रुपये नफा धरला तर चार पुड्यांचे ६० झाले. भाकरीचे २० आणि चटणीचे ६०, एका खोक्यात ८० रुपये. शिवाय कोपरे भरल्यामुळं भाकरी हलत नाही आणि कमी मोडते. चटणीला तेल सुटतं, म्हणून पुडी नीट सील करून दुसऱ्या पिशवीत घालायची, हे मात्र विसरू नका.

तिसरी गोष्ट, माल पोचल्यावर पैसे देण्याची सवलत. गिऱ्हाईक घरी नाही, किंवा मन बदललं, की खोका परत येतो. जाताना ८० आणि येताना ८० लागले तर १६० रुपये गेले. नुसती भाकरीची पाकिटं विकत असाल तर आठ पाकिटांचा नफा गेला. भाकरी मोडली असेल तर तीही गेली. म्हणून नव्या गिऱ्हाइकाकडून पैसे आधी घ्यावेत. गटाच्या बँक खात्याचा क्यूआर कोड काढून घ्या. छोट्या व्यापाऱ्याला यूपीआयवर पैसे घ्यायला शुल्क पडत नाही. कोड गटाच्याच खात्याचा हवा, कुणाच्या मालकाच्या किंवा मुलाच्या खात्याचा नको. पैसा कुणाच्या नावावर येतो यावर तो कुणाच्या हातात राहणार हे ठरतं. आणि एक पक्कं ध्यानात ठेवा, पैसे घेण्यासाठी आपला पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवतोय, कोड स्कॅन करा, पिन टाका’ असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

चौथी गोष्ट जाहिरातीची. फेसबुक, इन्स्टाग्रामवर ५०० रुपयांची जाहिरात केली की वर अठरा टक्के जीएसटी लागतो, म्हणजे ५९०. त्यातून दहा नवी गिऱ्हाईकं आली तर एक गिऱ्हाईक ५९ रुपयांना पडलं. पाकिटामागं नफा २०. ते गिऱ्हाईक तिसऱ्यांदा मागवेल तेव्हा कुठं जाहिरातीचा खर्च निघेल. तेच भाकरी-चटणीचा खोका विकला तर ८० नफ्यात पहिल्याच वेळी निघतो. म्हणून जाहिरातीत फोटो खोक्याचा टाकावा, नुसत्या भाकरीचा नको. जाहिरात किती जणांना आवडली यापेक्षा ऑर्डर किती आल्या ते मोजा.

जुनं गिऱ्हाईक तर फुकटच मिळतं. व्हॉट्सअॅप बिझनेस हे अॅप फुकट आहे. त्यात मालाची यादी, फोटो, भाव लावता येतात. ब्रॉडकास्ट यादी करून एकदम सगळ्यांना निरोप देता येतो. पण ज्यांनी आपला नंबर त्यांच्या मोबाईलमध्ये जतन केलाय, त्यांनाच तो निरोप पोचतो. म्हणून प्रत्येक खोक्यात एक चिठ्ठी घाला, ‘आमचा नंबर जतन करा’. रोज निरोप पाठवून कुणाला वैताग आणू नका. संक्रांत आणि सिद्धेश्वराची यात्रा, वेळअमावस्या, आषाढी, दिवाळी, अशा दिवसांत लांब गेलेल्या माणसाला गाव आठवतं. त्याच्या पंधरा दिवस आधी एक निरोप पुरे.

पाचवी गोष्ट खरेदीची. शाळूची सुगी झाल्यावर जोंधळा मुबलक असतो. त्या वेळी गटानं मिळून वर्षाचा साठा घेतला, वाळवून नीट ठेवला, तर पुढं भाव चढला तरी आपल्याला त्रास होत नाही. गटाचं कर्ज अशा खरेदीला वापरलं तर ते कामाला येतं. आपल्या मालाची ओळखही सांगा. मालदांडी ३५-१ हे वाण आपल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातलं. मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. पण जोंधळा मंगळवेढ्याचा नसेल तर पाकिटावर ते नाव घालू नका. एकदा विश्वास उडाला की गिऱ्हाईक परत येत नाही.

कागदपत्रांचंही सांगते. खाण्याचा पदार्थ विकायचा तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. तिचा चौदा अंकी क्रमांक, घटक, वजन, भाव आणि तयार केल्याची व संपायची तारीख पाकिटावर हवी. चटणीवर ‘शेंगदाणे आहेत’ हे स्पष्ट लिहा, काहींना ते सोसत नाहीत. १ ऑक्टोबर २०२३ पासून ठरावीक उलाढालीच्या आतल्या छोट्या विक्रेत्यांना जीएसटी नोंदणीशिवाय, फक्त नावनोंदणी क्रमांक घेऊन ऑनलाइन दुकानांवर माल विकता येतो. पण ही सवलत राज्यातल्या राज्यात विकण्यापुरती. हैदराबाद, बेंगळुरू आपल्याला गाडीनं सोपं, पण राज्य वेगळं. तिकडं पाठवायच्या आधी जाणकाराला विचारा. उमेद अभियानाचं उमेदमार्ट आणि केंद्राचं ई-सरस ही बचत गटांच्या मालासाठीची ऑनलाइन दुकानं आहेत. त्यांची माहिती आपल्या सीआरपी ताईंकडून घ्या. तिथंही आधी हिशेब करा, मग माल लावा.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत एवढं एकच काम करा. आपल्या एका पाकिटाचा हिशेब मोठ्या कागदावर लिहून भिंतीला लावा. माल, सरपण किंवा गॅस, पाकीट, मजुरी, पाठवणी, कमिशन, मोडतोड, सगळं सगळं. लिहिता येत नाही त्या ताईंना मोठ्यानं वाचून दाखवा. सगळ्यांना कळेल असा हिशेब असला की गटात कुरबुर होत नाही आणि भाव सांगताना आपली मानही खाली जात नाही. ‘एवढं महाग का?’ असं कुणी विचारलं तर सांगा की यात आमच्या बायांची मजुरी धरलेली आहे.

तुमचे आकडे आमच्यापेक्षा वेगळे निघाले तर रेडिओच्या ताईंकडे जरूर कळवा. आम्हालाही शिकायचंय.