टक्का सारखा, वाटा वेगळा

(पासली, जि. पुणे येथील बैठकीत केलेले भाषण)



आज आपण तोरण्याच्या पाठीमागे, भातखाचरांच्या मुलखात जमलो आहोत. तुमच्यातले बरेचजण कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू भागातून आले आहेत. पाऊस वेगळा, पीक वेगळे. पण आरोप एकच. तुमची खाचरे, तुमची गुरे, तुमच्या जाळलेल्या पऱ्हाट्या यांनी म्हणे पृथ्वी तापते.

हा आरोप जुना आहे. अमेरिकेतल्या वर्ल्ड रिसोर्सेस इन्स्टिट्यूटने १९९० साली देशोदेशींचा हिशोब मांडला. खाचरांचा आणि गुरांचा मिथेन वायू धरून त्यांनी भारताला पहिल्या पाच देशांत बसवले. १९९१ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंटचे अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी त्याला उत्तर दिले. पोटासाठी निघणारा वायू आणि चैनीसाठी निघणारा वायू एकाच तराजूत कसा तोलता, हा त्यांचा सवाल होता.

तोच सवाल आपण कचऱ्याला लावू. कुजणारा माल हवेशिवाय दबून राहिला की मिथेन तयार होतो. शंभर वर्षांच्या हिशोबात एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता धरतो. सगळे आकडे कार्बन डायऑक्साइडच्या मापात मांडले, तर कचरा आणि सांडपाणी मिळून भारताचे २०१६ साली सुमारे साडेसात कोटी टन झाले. देशाच्या एकूण उत्सर्जनात हे २.६५ टक्के. अमेरिकेचे २०२२ साली सुमारे साडेसोळा कोटी टन झाले. तेही त्यांच्या एकूणात २.६ टक्क्यांच्या घरात.

टक्का पाहून कोणी म्हणेल, दोघे सारखेच. आता माणशी भागाकार करा. आपल्याकडे माणशी वर्षाला अर्ध्या क्विंटलहून थोडे जास्त. अमेरिकेत माणशी पाच क्विंटल! ज्याचा एकूण ढीगच मोठा, त्याचा छोटा टक्काही मोठाच असतो. तिथे यातला मोठा भाग जमिनीत गाडलेल्या कचऱ्याचा, तर आपल्याकडे सांडपाण्याचा.

पण एवढ्याने आपल्या शहरांना माफी नाही. देशाची सरासरी शहर आणि खेडे यांतला फरक झाकते. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगीच्या उरावर पडला. माल शहराने वापरला, दुर्गंधी आणि नासलेले पाणी गावांनी सोसले. कुजणारा कचरा गाडू नका, त्यावर प्रक्रिया करा, असे केंद्राच्या नियमांत २००० सालीच लिहिले गेले. तरी गावकऱ्यांना कचऱ्याच्या गाड्या अडवाव्या लागल्या.

शेतातून शहराला गेलेला भाजीपाला आणि धान्य म्हणजे आपल्या मातीचा कस आहे. तो खत होऊन परत आला पाहिजे. मात्र काच आणि प्लॅस्टिक मिसळलेला कचरा खत म्हणून आम्ही शेतात घेणार नाही. ओला कचरा शहराने वेगळा करावा, हवा खेळती ठेवून कुजवावा आणि तपासून द्यावा. आपणही पऱ्हाटी जाळण्याऐवजी बारीक करून कुजवू. शेणखताचा ढीग पाण्यात बुडू न देता वरखाली करू. हे कोणाच्या आरोपाला भिऊन करायचे नाही. कोरडवाहू जमिनीत ओल टिकते ती सेंद्रिय मालामुळे, म्हणून करायचे.

जिल्ह्याच्या बैठकीत उद्या कोणी टक्केवारी घेऊन आला, तर त्याला तीन प्रश्न विचारा : टक्का कशातला? माणशी किती? आणि ढीग कोणाच्या गावात?