जुनी गाडी घेण्याआधी फेऱ्या मोजा
(जिल्हा बैठकीत झालेले भाषण)



आजच्या बैठकीत मला गाडीवर बोलायला सांगितले आहे. 'दोन-अडीच लाखांत जुना छोटा हत्ती किंवा पिकअप घ्यायची तर कोणती घ्यावी?' असे बरेच जण विचारतात. कंपनीचे नाव सांगून मी खाली बसू शकतो. पण त्या नावाने कोणाचेच काम होणार नाही. बैलबाजारात आपण 'कोणत्या गावचा बैल घेऊ?' असे विचारत नाही. किती एकर वाहायचे, गाडीला जुंपायचा की वखराला, हे आधी घरात ठरते.

गाडीचा विचार आज होतो याला कारण आहे. कापूस एकाधिकार होता तोवर माल कुठे न्यायचा हा प्रश्नच नव्हता. सरकारने ठरवलेले केंद्र, तिथे बैलगाड्यांची रांग आणि ग्रेडर म्हणेल ती प्रत. २००२ साली खाजगी खरेदी खुली झाली. २०१६ साली फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून बाहेर आला. आता वणीकडचा शेतकरी भाव विचारून हिंगणघाटला कापूस नेऊ शकतो. पण कापूस घरात पडलेला आणि दारात उभी असलेली गाडी खेडा खरेदीवाल्याची, अशी स्थिती असेल तर भाव कोण ठरवणार? काटाही त्याचाच असतो. तेव्हा गाडीची गरज खरी आहे. ती प्रत्येकाने घ्यावी का, हा हिशेब वेगळा आहे.

हिशेब मांडू. दहा एकरांचे घर धरा. सहा एकर कापूस, एकरी सहा क्विंटल, म्हणजे ३६ क्विंटल. छोट्या हत्तीची क्षमता साधारण पाऊण टन, म्हणजे साडेसात क्विंटल. वजनाने पाच फेऱ्या होतात, पण कापूस फुगीर, वजनाआधी जागा भरते, म्हणून आठ धरा. ज्वारीच्या दोन, तुरीची एक, कडब्याच्या पाच, खत-बियाण्याच्या तीन. वर्षाला एकोणीस झाल्या. वीस म्हणा.

आता खर्च. बाजार तीस किलोमीटरवर आहे आणि भाड्याची गाडी फेरीला १५०० रुपये घेते असे समजा. स्वतःच्या गाडीला डिझेल ९० रुपयांचे आणि लिटरला १५ किलोमीटर धरले तर ६० किलोमीटरचे ३६० रुपये. ड्रायव्हरचे ५००. टायर, ऑइल, ग्रीस यांची झीज १४०. एकूण १०००. फेरीमागे वाचले ५००. 'मी स्वतः चालवीन, ड्रायव्हरचे पैसे वाचतील' असे म्हणू नका. आपल्या घामाची किंमत शून्य धरण्याची खोड शेतीत पुरेशी महागात पडली आहे, ती गाडीत तरी नको.

आणि उभ्या गाडीचा खर्च? विमा, फिटनेस, कर, बारीकसारीक दुरुस्ती मिळून वर्षाचे ४०,००० धरा. अडीच लाखांवर १२ टक्क्यांनी व्याज ३०,०००. दर वर्षी गाडीची किंमत उतरते ते ३०,०००. झाले एक लाख. त्याला पाचशेने भागा. दोनशे फेऱ्या झाल्या तर गाडी बरोबरीत येते, आणि आपल्या घरच्या फेऱ्या आहेत वीस! हे आकडे मी धरलेले आहेत. घरी गेल्यावर यांच्या जागी तुमच्या गावचे भाडे आणि तुमचे अंतर घाला. उत्तर थोडे बदलेल, पण एकट्या दहा एकरवाल्याला गाडी परवडते असे काही निघणार नाही.

मग परवडते कोणाला? ज्याच्याकडे भाजीपाला किंवा दूध आहे आणि रोजची खेप आहे, त्याला. किंवा दहा घरे मिळून एक गाडी घेतात, त्यांना. दहा घरांत एक अडचण येते. वेचणीचा कापूस सगळ्यांच्या घरी एकाच पंधरवड्यात येतो आणि सगळ्यांना उद्याच जायचे असते. म्हणून पाळी आधी लिहून ठेवायची आणि घरच्या माणसानेही भाडे द्यायचे. 'आपलीच गाडी आहे' म्हणून फुकट फिरवलेली गाडी दुसऱ्या दिवाळीपर्यंत टिकत नाही.

एवढे करूनही घ्यायची ठरली तर आधी कागद बघा, इंजिन मागून. सातबारावर जसा सोसायटीचा बोजा असतो, तसा आरसी बुकावर फायनान्स कंपनीचा असतो. हप्ते थकलेली गाडी विकणारा विकून मोकळा होतो आणि वसुलीची माणसे तुमच्या बांधावरून गाडी ओढून नेतात. बोजा असेल तर कंपनीचे ना-हरकत पत्र आणि सही-शिक्क्याचा ३५ नंबरचा फॉर्म हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. गाडीचा नंबर परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर टाकला की फिटनेस, विमा, कर यांच्या तारखा दिसतात आणि थकलेले ई-चलानही दिसते. हे काम कॉलेजात जाणारा पोरगा पाच मिनिटांत करून देतो. चेसीवर आणि इंजिनवर कोरलेले नंबर आरसीशी अंकन् अंक जुळवा. त्या जागी घासल्याची किंवा वेल्डिंगची खूण दिसली तर चहाही न घेता परत या.

'२९ आणि ३० नंबरच्या फॉर्मवर सह्या करून देतो, नाव सावकाश चढवा' असे दलाल म्हणेल. सावकाश चढवू नका. फेरफार न झालेली जमीन आणि नाव न चढलेली गाडी सारखीच. नोंदीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली अपघाताच्या भरपाईच्या खटल्यात सांगितले आहे. म्हणजे विकणाऱ्यालाही यात धोका आहे, हे त्याला समजावून सांगा. तो स्वतः आरटीओत यायला तयार होईल. विमा आपल्या नावावर करण्यासाठी चौदा दिवसांत अर्ज द्यायचा, हेही ध्यानात ठेवा.

परमिटविषयी विचारतात. एकूण वजन ३००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू गाडीला परमिट लागत नाही. काही मोठ्या पिकअप त्याच्या वर जातात, आरसीवरचा आकडा वाचा. लायसन्सचा घोळ २०२४ च्या नोव्हेंबरात मिटला. हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, असा घटनापीठाचा निकाल आहे.

आता गाडी. सकाळी लवकर जा, आणि न कळवता जाता आले तर फारच चांगले. आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागले तर मालकाने ती आधीच सुरू करून ठेवली आहे. थंड इंजिन किती वेळात उठते हेच तर बघायचे असते. धूर निळा असेल तर ऑइल जळते आहे, म्हणजे इंजिन उघडण्याचा खर्च. काळा असेल तर फिल्टर किंवा डिझेल सोडणारे नोझल. पांढरा धूर थंडीत थोडा येतोच, पण गरम झाल्यावरही येत राहिला आणि रेडिएटरमधले पाणी कमी होत असेल तर हेडचे काम निघाले समजा. इंजिन चालू असताना ऑइल टाकायचे झाकण उघडा. तिथून भकाभका धूर आला तर रिंगा गेल्या. रेडिएटरचे झाकण मात्र थंड असतानाच उघडा, नाहीतर हात भाजेल. पाण्यावर तेलाचा तवंग नको.

खाली वाका, पोते अंथरून आडवे व्हा. पांढऱ्या कपड्यांवर गाडी बघायला जाऊ नये. पाटे सरळ झाले आहेत का, चेसीला पाट्यांच्या जागी तडे किंवा वेल्डिंग आहे का, बघा. वाळू आणि विटा वाहिलेली गाडी तिथे सापडते. वरून कितीही रंग मारला तरी पाटे बोलतात. खालचा काळा रंग ताजा असेल तर तो कशाला मारला, हे विचारा. टायरच्या कडेला चार आकडी खूण असते. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. किलोमीटरच्या आकड्यावर जाऊ नका. मीटर मागे फिरवता येते, पण क्लचच्या पॅडलचे झिजलेले रबर नवे घातलेले ओळखू येते.

सगळ्यात मोठी परीक्षा, जी फार थोडे लोक घेतात, ती भरल्या गाडीची. रिकामी गाडी सगळ्यांचीच पळते. पाच क्विंटलची पोती टाका आणि चढावर न्या. मालक नको म्हणाला तर उत्तर मिळाले. चढाला इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी वेग घेत नाही, म्हणजे क्लच गेला. उताराला दुसरा गिअर टाकून पाय उचला. गिअर सुटून येत असेल तर गिअरबॉक्सचा खर्च धरा. सोबत तालुक्याचा मिस्त्री न्या, त्याची दिवसाची मजुरी आणि जेवण द्या. तो ज्या गाड्या रोज उघडतो त्यांतलीच घ्या, कारण ऐन हंगामात सुटा भाग तालुक्यात मिळतो की नागपूरहून मागवावा लागतो, यावर पुढचे सगळे आहे. २०२० च्या एप्रिलनंतरच्या डिझेल गाड्यांना धुराचा फिल्टर आणि सेन्सर आहेत. गावातल्या गावात लहान फेऱ्या करत राहिले की तो फिल्टर कोंदतो, आणि मग पान्याने काम होत नाही, स्कॅनर लागतो. अशा गाडीची चावी फिरवल्यावर इंजिनचा दिवा लागला पाहिजे आणि गाडी सुरू झाल्यावर विझला पाहिजे. मुळात लागतच नसेल तर तो कोणीतरी काढून ठेवला आहे.

मायबहिणींनो, हे तुमच्यासाठी. वेचणीला, निंदणीला मजूर बाया पिकअपमध्ये उभ्या भरून नेतात. माल नेणाऱ्या गाडीच्या विम्यात मालाबरोबर जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी येतो. फुकट किंवा भाड्याने बसवलेली माणसे येत नाहीत. गाडी उलटली तर भरपाईचा दावा गाडीमालकाच्या शेतावर येतो आणि त्या बाईच्या घरात मात्र लवकर काहीच येत नाही. माणसांसाठी माणसांचीच गाडी करा, शंभर रुपये जास्त गेले तरी. आणि कापूस बाजूंनी फुगवून भरू नका. माल बॉडीच्या बाहेर आला तर २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात वीस हजारांचा दंड आहे. जादा वजनालाही वीस हजार, वर प्रत्येक जादा टनाला दोन हजार.

भाव करताना एवढेच करा. खिशात अडीच लाख असतील तर एक लाख नव्वदच्या वरची गाडी बघायलाच जाऊ नका. उरलेले साठ हजार टायर, बॅटरी, विमा, नाव चढवणे आणि मिस्त्रीने सांगितलेले काम यासाठी बाजूला बांधा. ते जातातच. कापसाचा पैसा हातात आला की दलालालाही वास लागतो, म्हणून दिवाळीनंतर लगेच जाऊ नका. पावसाळ्यात गाड्या उभ्या असतात, मालक कंटाळलेला असतो, आणि हौदा कुठे गळतो हेही फुकटात दिसते.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात ऑइल, तिन्ही फिल्टर, पट्टा आणि रेडिएटरचे पाणी बदला. मागचा मालक काहीही सांगो. मग गाडीत एक वही ठेवा. तारीख, किलोमीटर, डिझेल, कोणाचा माल, भाडे रोख की उधार. उधारी पोळ्याला देतो असे कोणी म्हणाले तर कोणत्या सालच्या पोळ्याला, तेही त्याच्याकडूनच लिहून घ्या.