चित्रपत्त्यांची वही

पोथीची नक्कल पुरी झाली म्हणजे जुन्या काळचे लेखनिक शेवटच्या पानावर वाचकास एक विनवणी करून ठेवीत. पोथीचे चार वैरी तेथे सांगितलेले असत: तेल, पाणी, ढिली बांधणी आणि अजाण माणसाचा हात. महिनोन् महिने खपून लिहिलेली अक्षरे कशाने नाहीशी होतात, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

हस्तलिखित पोथी आज सामान्य घरात क्वचितच आढळते. परंतु तिचे चारही वैरी आहेत तेथेच आहेत, आणि मुलांच्या हातातील एका नव्या वस्तूस ते तितकेच छळीत असतात. ती वस्तू म्हणजे जमवावयाचे चित्रपत्ते. कोणावर क्रिकेटपटूचे चित्र असते, कोणावर कुस्तीगिराचे, तर कोणावर पोकेमॉन या जपानी खेळातील अद्भुत प्राण्याचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सिगारेटचे पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठ्याचा तुकडा घालीत; त्याच तुकड्यावर कारखानदार चित्रे छापू लागले, आणि गिऱ्हाइकास मालिका पुरी करण्याचा छंद लागला. पुढे चघळण्याच्या गोळ्यांबरोबर खेळाडूंची चित्रे आली. १९९३ साली अमेरिकेत आणि १९९६ साली जपानात पत्त्यांचे नवे खेळ निघाले आणि हा छंद जगभर पसरला.

वडीलधाऱ्यांस हा सारा कचरा वाटतो. त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मिकी मँटल या अमेरिकन बेसबॉलपटूचा १९५२ साली छापलेला एक पत्ता २०२२ साली लिलावात १ कोटी २६ लाख डॉलरांस विकला गेला. त्याच चित्राचे आणखी पत्ते जगात आहेत. पण कोपरे झिजलेल्या, घड्या पडलेल्या पत्त्यास त्या किमतीचा अल्पसा अंशही मिळत नाही. हा पत्ता सत्तर वर्षे जवळजवळ नव्यासारखा राहिला, याचेच हे मोल होते. मुलांनी पत्ते जमवून धनवान व्हावे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु चित्र आणि त्याचे जतन या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, व दुसरीवाचून पहिली टिकत नाही, एवढे यावरून दिसून येते.

महाराष्ट्रास तरी चित्रपत्त्यांची हौस नवी नाही. सावंतवाडीचे चितारी गंजिफाचे वाटोळे पत्ते हाताने रंगवीत आले आहेत. दशावतारी गंजिफात दहा अवतारांचे बारा बारा असे १२० पत्ते असतात, आणि ते ठेवण्यासाठी झाकणाची लाकडी पेटीही तितक्याच हौसेने रंगविलेली असते. पत्ता ज्याने केला त्यानेच पेटीचाही विचार केला, हे त्यातील शहाणपण होय.

दुसरे उदाहरण बोरघाटाच्या माथ्यापलीकडचे आहे. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला. पुढे तो लोणावळ्यापलीकडे मळवली येथे गेला, आणि काही वर्षांत फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे त्याची मालकी आली. तेथे छापलेली लक्ष्मी, सरस्वती, शकुंतला घरोघरी भिंतीवर चढल्या. मोठ्या तसबिरींबरोबर चित्रांची पोस्टकार्डेही निघाली, व हौशी माणसांनी ती जपून ठेवली. १९७२ साली त्या छापखान्यास आग लागली आणि पुष्कळ ठेवा भस्म झाला. आता घाटाखालच्या एखाद्या घरातील ट्रंकेत आजोबांनी ठेवलेली चार कार्डे असतील, तर ती पुन्हा छापून मिळावयाची नाहीत. छापखाना जळाल्यावर त्याचे दप्तर अशा ट्रंकांतच उरते.

शिळफाट्यासारख्या ठिकाणी या गोष्टीचा विचार विशेष अगत्याने केला पाहिजे. ठाण्याकडचा शिळफाटा तो निराळा. हा खोपोलीचा, खालापूर तालुक्यातला, जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर बोरघाटाच्या पायथ्याशी असलेला. समुद्रावरून आलेले ढग येथे डोंगराच्या भिंतीस अडतात आणि वर चढता चढता रिते होतात. रायगड जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरीने सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातील बहुतेक चार महिन्यांत. त्या दिवसांत पापड सादळतात, आगपेटीतली काडी ओढता ओढत नाही, कपाटातील चपलांवर पांढरी बुरशी धरते. मग कागदाची काय कथा? अशा गावी नातवाने वाढदिवसास पत्त्यांसाठी उंची वही मागितली, तर तिचा रंग व तिच्यावरील सोनेरी अक्षरे पाहून भागत नाही. पोथीचे तेच चार वैरी एकेक करून डोळ्यांपुढे आणावे आणि मग वही निवडावी.

पहिला वैरी तेल. पोथीस ते समईचे लागे. पत्त्यास ते बोटांचे लागते, आणि त्याहून वाईट म्हणजे वहीच्या पानांतूनच लागते. बाजारातील पुष्कळ स्वस्त वह्यांची पारदर्शक पाने पीव्हीसी या प्लॅस्टिकची असतात. हे प्लॅस्टिक मुळात कडक. ते मऊ व्हावे म्हणून त्यात तेलासारखे द्रव मिसळतात. कालांतराने हे द्रव पृष्ठभागावर येतात, पान चिकट होते व छापील शाई त्यास धरते. पत्ता ओढून काढू जावे तर चित्र पानावर राहते आणि हाती कोरा पुठ्ठा येतो. प्लॅस्टिक जुने होत चालले म्हणजे त्यातून आम्लही सुटते व ते कागदास पिवळा करते. याउलट पॉलिप्रॉपिलिन व पॉलिएस्टर ही प्लॅस्टिके अशा द्रवांवाचून बनतात व कागदाशी वैर धरीत नाहीत. म्हणून वेष्टनावर प्रथम पानाच्या प्लॅस्टिकचे नाव वाचावे. नुसते ‘उत्तम प्रतीचे प्लॅस्टिक’ असे लिहिलेले असेल, तर ते काहीच न लिहिण्यासारखे आहे.

नाव लिहिलेले नसेल तर घरच्या घरी परीक्षा करता येते. नव्या मेणकापडासारखा उग्र वास येत असेल तर संशय घ्यावा. पानाच्या कडेचा लहानसा तुकडा कापून साबणाचा थेंब टाकलेल्या पाण्यात बुडवावा आणि त्यास चिकटलेले हवेचे बुडबुडे झटकावे. पॉलिप्रॉपिलिन पाण्याहून हलके, म्हणून ते वर येते. पीव्हीसी जड, म्हणून ते तळाशी बसते. पॉलिएस्टरही बुडते, तेव्हा बुडालेला प्रत्येक तुकडा वाईटच असे समजू नये. तेथे शाळेतील रसायनशास्त्राचा एक प्रयोग कामास येतो. तांब्याची तार चिमट्यात धरून लाल होईतो तापवावी, तुकड्यास टेकवावी व पुन्हा ज्योतीत धरावी. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, म्हणजे ते बहुधा पीव्हीसीच होय. हा प्रयोग मोठ्या माणसाने उघड्या हवेत करावा. त्याचा धूर विषारी असतो.

तेलाच्याच वर्गात आणखी दोन शत्रू येतात. पत्त्यांच्या गठ्ठ्यास रबर लावू नये. त्याने कडेस खाचा पडतात, आणि रबर जुने झाले म्हणजे विरघळून चिकटते. दुसरा शत्रू लॅमिनेशन. पुष्कळ पालक प्रेमापोटी पत्ता किंवा जुने पोस्टकार्ड लॅमिनेट करून आणतात. उष्णतेने चिकटविलेले ते आवरण पुन्हा निघत नाही, आणि संग्राहकाच्या दृष्टीने ती वस्तू तेथेच संपते. चिकट पानांच्या फोटोवह्यांसही हाच न्याय लावावा.

दुसरा वैरी पाणी. येथे पावसाच्या धारेपेक्षा हवेतील ओलावा अधिक घातक ठरतो. आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर फार दिवस राहिली म्हणजे कागदावर बुरशी धरते. ५० टक्क्यांच्या सुमारास कागद सुखी असतो. चकाकणारे पत्ते तर पावसाळ्यात धनुष्यासारखे वाकतात. त्यांच्या एका अंगास धातूसारखा पातळ पापुद्रा असतो. कागद ओलावा शोषून फुगतो, पापुद्रा फुगत नाही, म्हणून पत्ता वळतो. यावर नुसती वही पुरेशी नाही. चेन असलेली वही धूळ व झुरळे दूर ठेवते, पण दमट हवा आत कोंडली तर तीही आतच राहते. म्हणून आगोटीची बेगमी करावयाची त्याच दिवसांत, मृग निघण्यापूर्वी, कोरड्या दिवशी पत्ते वहीत भरावे व वही घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवून त्यात सिलिका जेलच्या पुड्या घालाव्या. रंग बदलणारे दाणे ओलावा भरल्याचे दाखवितात. ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात. वही बाहेरच्या भिंतीस लागून किंवा जमिनीवर ठेवू नये. कडुनिंबाचा ओला पाला तीत घालू नये, कारण तो स्वतःच पाणी आणतो. डांबरगोळ्याही प्लॅस्टिकच्या सहवासात नकोत. दसऱ्यानंतर वही उघडून वारा द्यावा, पण ऊन लागू देऊ नये. उन्हाने रंग उडतात.

तिसरा वैरी ढिली बांधणी. कड्यांच्या वहीत पाने वाढविता येतात, ही सोय खरी. परंतु वाटोळी कडी असतील तर आतली पाने वळणावर चढतात आणि कड्यालगतच्या पत्त्यावर वळ उमटतो. कडी घ्यावयाचीच तर एक बाजू सरळ असलेली, इंग्रजी डी अक्षराच्या आकाराची घ्यावी. आरंभी करणाऱ्यास पाने शिवलेली किंवा घट्ट जोडलेली, कड्यांवाचूनची वही अधिक निर्धोक. खिशाचे तोंड वर असण्यापेक्षा आतल्या बाजूस असावे, म्हणजे वही उलटी झाली तरी पत्ता गळत नाही. पानामागे काळा, घट्ट आधार असावा व पुठ्ठा हाताने दाबून लवू नये. वही पुस्तकाप्रमाणे उभी ठेवावी, तीवर दुसरे ओझे रचू नये.

हिशेबही करावा. एका बाजूस नऊ खिसे, म्हणजे पानास १८. २० पानांत ३६० पत्ते. मुलाजवळ २०० असतील तर एवढी वही पुष्कळ झाली. एका खिशात चार पत्ते कोंबून लहान वहीत भागविणे ही काटकसर नव्हे. प्रत्येक पत्त्यास आधी पातळ पिशवी घालावी व ती पिशवी खिशात सहज जाते की नाही हे दुकानातच पाहावे. हल्लीचा सर्वसाधारण पत्ता ६३ मिलिमीटर रुंद व ८८ मिलिमीटर उंच असतो. जुने पोस्टकार्ड ९ सेंटिमीटरांस १४. ते या खिशात जाणार नाही, आणि दुमडून घालणे हे पातक होय. त्यास मोठ्या खिशांची स्वतंत्र वही पाहिजे. वाटोळ्या, हाताने रंगविलेल्या गंजिफास तर वहीच नको. त्याची लाकडी पेटी हेच त्याचे घर. कोणती वस्तू वहीत ठेवू नये हे कळणे, हाही निवडीचाच भाग आहे.

एकंदरीत पैसे कशासाठी मोजावयाचे हे यावरून ठरते. पत्त्यास पान स्पर्श करते, पुठ्ठा करीत नाही. खर्च करावयाचा तो प्रथम पानावर, मग बांधणीवर, आणि उरलाच तर वेष्टनावर. चामड्याचे आवरण व आत पीव्हीसीची पाने, असा सौदा महाग पडून पुन्हा नुकसानीचा. उलट साध्या कापडी पुठ्ठ्याची, चांगल्या पानांची वही मध्यम स्थितीतल्या घरासही पेलते.

राहिला चौथा वैरी, अजाण हात. त्यावर बाजारात वही मिळत नाही. वडिलांनी वही कपाटात बंद करून किल्ली कमरेस लाविली, तर पत्ते टिकतील, पण मुलाचा छंद मरेल. आणि पाहावयाचेच नसतील तर चित्रे जमविली तरी कशास? मुलास हात धुऊन, पुसून, पत्ता कडेने धरावयास शिकवावे. वर्षातून दोनदा वही त्याच्याकडूनच तपासून घ्यावी. त्याच दिवशी आजोबांची ट्रंक उघडून जुनी पोस्टकार्डेही त्यालाच हाताळू द्यावी. पोकेमॉनचा पत्ता आज ज्याने नीट सांभाळला, तोच मुलगा उद्या घरातील जमिनीचा सातबारा, आजीचे पत्र आणि मळवलीची सरस्वती सांभाळील. अजाण हात जाणता झाला म्हणजे उरलेल्या तिघा वैऱ्यांचा बंदोबस्त करण्यास घरात एक माणूस वाढला.