पैसा कोणाचा, हे रोग्याला कळले पाहिजे

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचा सारांश)



मी अर्थशास्त्राचा विद्यार्थी. वैद्यकीय संशोधनाविषयी मी काय बोलणार, असे आपणांस वाटेल. परंतु संशोधनाला पैसा कोण पुरवतो आणि त्यातून त्याला काय साधायचे असते, हा प्रश्न अर्थशास्त्राच्याच कक्षेतला आहे.

एक उदाहरण घेतो. अमेरिकेतील साखर उद्योगाच्या ‘शुगर रिसर्च फाउंडेशन’ या संस्थेने १९६५ साली हार्वर्ड विद्यापीठातील आहारतज्ज्ञांकडून एक समीक्षालेख लिहून घेण्याचे ठरवले. त्यासाठी ६,५०० डॉलर दिले. हृदयविकाराला साखर कितपत कारण आणि स्निग्ध पदार्थ कितपत, हा लेखाचा विषय. त्याचा उद्देश संस्थेने आखून दिला, निबंध पुरवले, मसुदेही पाहिले. १९६७ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये लेख प्रसिद्ध झाला. त्यात साखरेविरुद्धचा पुरावा दुबळा ठरला आणि दोषाचा भार स्निग्ध पदार्थांवर पडला. साखर उद्योगाच्या या पैशाचा उल्लेख मात्र लेखात कोठेही नव्हता. जुन्या पत्रव्यवहारातून ही हकिकत उजेडात आली ती २०१६ साली!

त्या लेखकांना मी लाचखाऊ म्हणणार नाही. असे हितसंबंध जाहीर करण्याचा नियम त्या नियतकालिकाने १९८४ साली केला. तोवर ती रूढीच नव्हती. शिवाय पैसा क्वचितच खोटे उत्तर विकत घेतो. बहुधा तो प्रश्न निवडतो, तुलना कशाशी करायची ते ठरवतो आणि गैरसोयीचे निष्कर्ष कपाटात ठेवतो. हे सारे प्रामाणिक माणसांच्या हातूनही घडते.

मग नियम झाल्यावर प्रश्न सुटला काय? २०१८ साली न्यूयॉर्कमधील एका विख्यात कर्करोग रुग्णालयाच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांना पद सोडावे लागले. औषध कंपन्यांकडून मिळालेल्या रकमांचा उल्लेख त्यांनी आपल्या अनेक निबंधांत केला नव्हता. नियतकालिकांनी त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला होता. सत्य सापडले ते पत्रकारांना, आणि तेही सरकारी नोंदींच्या आधारे. कारण डॉक्टरांना दिलेला पैसा कंपन्यांनीच जाहीर केला पाहिजे, असा कायदा अमेरिकेने २०१० साली केला होता. घेणाऱ्याच्या सदसद्विवेकबुद्धीवर विसंबण्यापेक्षा देणाऱ्यावर कायद्याचे बंधन घालणे अधिक फलदायी ठरते, हा यातला धडा.

आपल्याकडे औषध कंपन्यांसाठी २०२४ साली नवी आचारसंहिता आली. परंतु कोणत्या डॉक्टरला कोणत्या कंपनीने किती दिले, हे सामान्य नागरिकाला पाहता येईल अशी नोंदवही तिने दिली नाही. आपली पहिली मागणी तीच असली पाहिजे.

अर्थात, अर्थशास्त्रज्ञांनी नाक वर करण्याचे कारण नाही. २००८ च्या आर्थिक अरिष्टानंतर आमच्यातील कित्येकांचे वित्तसंस्थांशी असलेले संबंध चव्हाट्यावर आले, तेव्हा कोठे अमेरिकन इकॉनॉमिक असोसिएशनने २०१२ साली असा नियम केला.

दुसरी मागणी अधिक मूलगामी आहे. हितसंबंध जाहीर केल्याने ते नाहीसे होत नाहीत; सावध राहण्याची जबाबदारी तेवढी वाचकावर येते. खेड्यातला रोगी तर निबंध वाचतच नाही. तो डॉक्टरची चिठ्ठी घेऊन औषधाच्या दुकानात उभा असतो. त्याच्या वतीने सावध राहायचे असेल, तर औषधांच्या चाचण्या सार्वजनिक पैशातून आणि नफ्याशी संबंध नसलेल्या हातांनी झाल्या पाहिजेत. त्याला खर्च येईल, हे खरे. पण आजही तो खर्च औषधाच्या किमतीतून रोगीच भरतो आहे. फरक इतकाच की, आज पैसा त्याचा आणि प्रश्न विचारण्याचा अधिकार मात्र कंपनीचा.