नळ कुठं बसवायचा?

दोस्तांनो, मी गोदीत ओझी वाहतो. आमच्या आज्याचं गाव कोयनेच्या पाण्यात गेलं. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. 1976 ला झाला: लाभक्षेत्रातल्या मोठ्या शेतकऱ्याच्या जमिनीचा हिस्सा धरणग्रस्ताला. हुकूम वरून आला. ज्याची गेली तो भडकला, ज्याला मिळाली तो उपरा ठरला. दोन्हीकडच्या बौद्धवाड्यांना तर कुणी विचारलंच नाही.

एकी भाषणानं होत नाही, भावांनो! नळ कुठं, शाळा कुठं, हे जुन्या-नव्या गावानं एका सतरंजीवर बसून ठरवायचं. त्या सतरंजीवर आपण पुढं बसायचं, खर्चाची वही मागायची. 1927 ला महाडला बाबासाहेबांनी पाण्याची भीक मागितली नव्हती, हक्क बजावला होता. मधोमध बसवलेल्या नळावर सगळ्यांचे हंडे एका रांगेत लागतील, तेव्हाच गाव झालं म्हणा.

जय भीम!